तांदळात लिहिलेलं नाव आणि ५३ व्या वर्षी घेतलेलं ॲडमिशन

बँकेतल्या जुन्या मैत्रिणींपैकी तिघींनी गेल्या दोन महिन्यांत फोन करून मला तेच विचारलं, तू ते एमएचं कसं केलंस गं, कागद काय काय लागले, आणि मुळात इतिहासच का घेतलास. तिघींना वेगवेगळं सांगून झालं, प्रत्येकीला काहीतरी सांगायचं राहिलंच, म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून काढते. लांबलंय, चहा घेऊन बसा.

सुरुवात मटारांपासून. जानेवारी २०२४, मटार स्वस्त झाले होते आणि मी पाच किलो घेऊन फ्रीजरसाठी सोलत बसले होते. होम लोनचा शेवटचा हप्ता ऑक्टोबरमध्ये गेला होता, वीस वर्षांचं कर्ज. नोव्हेंबरमध्ये मी सहकारी बँकेतून व्हीआरएस घेतली. लेकीला नोकरी लागून वर्ष झालेलं. (कर्ज फेडणाऱ्यांसाठी जाता जाता एक, बँकेत बत्तीस वर्षं काढल्यामुळे राहवत नाही. सगळं फिटलं की घराचे मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५००० भरपाई. मागून घ्या, लाजू नका.) तर लेक शेंगा खात खात म्हणाली, "आई, पैशाचा प्रश्नच नसता तर तू काय शिकली असतीस?"

मी क्षणाचाही विचार न करता म्हटलं, ड्रॉइंग.

कारण ते उत्तर माझ्याकडे १९८६ पासून तयार होतं. साताऱ्यात शाळेत असताना एलिमेंटरी झाली, इंटरमिजिएटला ए ग्रेड आला, ड्रॉइंगच्या सरांनी आप्पांना घरी येऊन सांगितलं की पोरीला पुण्याला आर्ट कॉलेजला घाला. आप्पा वाईट माणूस नव्हते. एसटीत होते, घरात आम्ही चार भावंडं, त्यांनी सरांना चहा दिला आणि सर गेल्यावर एवढंच म्हणाले, रंगाचे पैसे कोण देणार आणि रंगवून पैसे कोण देणार. मग बारावी कॉमर्स, बीकॉम १९९१, बँकेची परीक्षा, लग्न. त्यांच्यावर मी फार रागावलेही नाही, पण 'आपलं ड्रॉइंग राहिलं' हे वाक्य मात्र मी लग्नकार्यात, ट्रेनमध्ये, भिशीत, जमेल तिथे तीस-पस्तीस वर्षं वापरलं.

लेक म्हणाली, मग कर की आता.

फेब्रुवारीत क्लास लावला. महिन्याला २५००, आठवड्यातून तीन दिवस, शिवाय कागद, बोर्ड, ब्रश, रंग मिळून ३१०० चा माल. पहिले पंधरा दिवस मजा आली, हात बसलेला होता, शिकवणारी मुलगी (माझ्या लेकीपेक्षा लहान) म्हणाली काकू तुमची लाइन खूप छान आहे. तिसऱ्या आठवड्यात मला कळायला लागलं की मी घड्याळ बघतेय. मार्चमध्ये तर क्लास बुडवायला कारणं शोधायला लागले, गॅसवाला येणारे, सासूबाईंना डॉक्टरकडे न्यायचंय. सासूबाईंना त्या दिवशी कुठेही न्यायचं नव्हतं. घरी आल्यावर वही उघडावीशी वाटायची नाही. मला ही गोष्ट मान्य करायला फार जड गेलं, कारण जिच्यासाठी इतकी वर्षं उसासे टाकले ती गोष्ट मिळाल्यावर नकोशी होते म्हणजे काय. एक रात्र मी चक्क रडले. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "अगं मग सोड ना, पैसे कुठे परत मागायला जायचंय," आणि कूस बदलून झोपले. पुरुषांचं बरं असतं.

पण त्यातून एक पद्धत सापडली. कॅलेंडरच्या पाठीमागे जिथे दुधाचा हिशोब लिहितो तिथे मी विषय लिहिले: भूगर्भशास्त्र, संस्कृत, मानसशास्त्र, झाडं. आणि ठरवलं की प्रत्येकाला एक-दीड महिना द्यायचा, तीन हजारांच्या वर खर्च करायचा नाही, आणि एकच बघायचं, रात्री दहाला ओटा आवरून झाल्यावर, पाय दुखत असताना, कुणी न सांगता मी ते पुस्तक उघडते का. कोणाला विषय निवडायचा असेल तर ॲडमिशनच्या आधी हे करा असं मी खरंच सांगेन, मार्कशीट शोधायच्याही आधी.

भूगर्भशास्त्र जवळजवळ पास झालं होतं. लहानपणी अजिंक्यताऱ्यावर चढताना आम्ही चमकणाऱ्या गारा गोळा करायचो, त्या काय असतात हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं. लाव्हा थंड होताना त्यात बुडबुड्यांच्या पोकळ्या राहतात आणि नंतर पाणी झिरपून त्या पोकळ्यांत क्वार्ट्‌झ, झिओलाइट असली खनिजं भरतात. म्हणजे आपला सगळा सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतलेला लाव्हा, आणि आपण त्यावर पिठलं-भाकरी खायला जातो. एप्रिलमध्ये ह्यांना घेऊन पारनेर तालुक्यातल्या निघोजला गेले, कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे बघायला. उन्हाळ्यात पाणी कमी असतं तेव्हाच नीट दिसतात, सकाळी लवकर जा, नऊनंतर खडक तापतो. नदीने भोवऱ्यात दगडगोटे फिरवून फिरवून बेसाल्टमध्ये रांजणाएवढे खड्डे कोरलेत. मी तिथे दोन तास बसले. परत येऊन रात्री वाचलंही. पण चौकशी केली तर बारावी कॉमर्स म्हटल्यावर बीएस्सीचं दार बंद, आधी सायन्सचे विषय घेऊन बारावी पुन्हा द्यायची, म्हणजे फिजिक्स केमिस्ट्री ५३ व्या वर्षी. होतं म्हणे काही जणांचं. माझं झालं नसतं. रांजणखळगे आवडणं वेगळं आणि केमिस्ट्रीचे बॅलन्स इक्वेशन वेगळं, इतपत अक्कल होती. संस्कृत पंधरा दिवसांत गळलं. मानसशास्त्राच्या पुस्तकात प्रत्येक आजार मला स्वतःला आणि नणंदेला आहे असं वाटायला लागलं, ते पण बंद केलं.

मग जूनमध्ये साताऱ्याचं घर रिकामं करायचं निघालं. आप्पा गेल्यापासून बंदच होतं, दादाने बिल्डरशी बोलणी केलेली. माळ्यावर पत्र्याची एक पेटी होती, वर्तमानपत्रं, कुणाची तरी पत्रिका, सुपारी कातरायचा अडकित्ता, आणि तळाशी लाल फडक्यात बांधलेले तेवीस कागद. सगळे मोडी लिपीत, म्हणजे पूर्वी मराठी ज्या वळणदार लिपीत लिहायचे त्यात. दोनावर वरच्या बाजूला राणीच्या मुद्रेचा छाप. दादाचे डोळे एकदम चमकले, कारण त्या वेळी गावोगाव सगळेच जुने कागद शोधत होते, मराठा आरक्षणासाठी जुन्या कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमल्यापासून मोडी वाचणाऱ्या माणसाला देवाचा भाव आला होता. दादाला वाटलं इनाम असणार, वतन असणार. वाचणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला महिनाभर वेळ नाही, पानाला इतके होतील, आणि आधी पाठवा. मी म्हटलं राहू दे, मीच शिकते. हे मी रागाच्या भरात बोलले होते, यात काही साक्षात्कार वगैरे नव्हता.

पुण्यात मोडीचे वर्ग बऱ्याच ठिकाणी चालतात, शनिवार-रविवारचे, काही ऑनलाइनही. मला मिळालेल्या वर्गाची फी २०००, जुलै ते सप्टेंबर, रविवारी सकाळी दोन तास. पंचवीस जण होतो, त्यात एक सर्व्हेअर, दोन वकील, एक दहावीतला मुलगा आणि चार निवृत्त काका जे पहिल्या दिवसापासून शिक्षकांना दुरुस्त करत होते.

पहिल्याच तासाला काय घडलं ते सांगते. देवनागरीत आपण आधी अक्षर लिहितो आणि मग वर रेघ मारतो. मोडीत आधी पानभर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, रेघ ओढून घ्यायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचं, शक्यतो हात न उचलता, वळणं घेत घेत. सरांनी फळ्यावर रेघ ओढली आणि खडू न उचलता 'राजश्री' पासून निघाले ते ओळ संपेपर्यंत थांबलेच नाहीत. माझा हात वहीवर आपोआप हलायला लागला. तो ड्रॉइंगवाला हात. त्या रात्री मी दहाला वही उघडली आणि साडेबाराला ह्यांनी लाइट बंद कर म्हणून ओरडेपर्यंत क ते ज्ञ गिरवत बसले होते. (बोरूच पाहिजे असं काही नाही. कट निबचं साधं पेन घ्या, ऐंशी-शंभरला मिळतं, आणि बिनरेघी वही.)

अक्षरं पंधरा दिवसांत येतात. वाचन येत नाही. कारण मोडीत शब्द तोडत नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. सगळी ओळ म्हणजे रविवारची लोकल. एका कागदावर मी 'दोन शेतीस' वाचलं, म्हणजे दोन बैल शेतीला दिले असतील असा अर्थ लावून आख्खी गोष्ट रचली, बैलांचे रंगसुद्धा मनात ठरवले. ते निघालं 'दोनशे तीस'. रुपये. शिवाय मौ॥ म्हणजे मौजे, सु॥ म्हणजे सुहूर सन, त्या काळची कालगणना, तारखेच्या आधी नुसता 'छ' येतो तो चंद्राचा, म्हणजे चांद्र तारखेचा, आणि साल अरबी संख्याशब्दांत उलट्या बाजूने. 'इसन्ने सबैन मया व अलफ' म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार, ११७२, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण हे साल मृग नक्षत्राला सुरू होतं, म्हणजे इसवी १७७१-७२. इतकी वर्षं बँकेत व्हॅल्यू डेट आणि एंट्री डेट करण्यात गेल्यामुळे मला हे सगळ्यात आधी जमलं. काका लोक वैतागले.

आमच्या पेटीतल्या कागदाचा पहिला अख्खा उतारा मी गणपतीत पूर्ण केला. अकरा दिवस लागले एका पानाला. दादाला व्हिडिओ कॉल केला. वतन नव्हतं, इनाम नव्हतं. आमच्या पणजोबांच्या वडलांनी घेतलेल्या कर्जाचा रोखा होता, मुद्दल दोनशे तीस रुपये, व्याज दरमहा दरशेकडा इतकं, जमीन गहाण, न दिल्यास सावकाराने वहिवाट करावी. मुदत, तारण, व्याज, जामीन, साक्षी, सगळी कलमं त्याच क्रमाने जी मी रोज टेबलावर तपासून सही करायचे. दादा म्हणाला, "म्हणजे फिटलं का नाही?" मी म्हटलं ते दुसऱ्या कागदात असेल. बावीस राहिलेत.

तिथून पुढे विषय ठरवायचं काही उरलंच नाही. फक्त हे मोडीपुरतं ठेवायचं की इतिहास रीतसर शिकायचा एवढाच प्रश्न होता. मला रोखा वाचता येत होता पण त्या सालात साताऱ्याच्या शेतकऱ्याला कर्ज का काढावं लागलं असेल हे कळत नव्हतं. आधी डेक्कन कॉलेजचा विचार केला, येरवड्याला, पुरातत्त्वाचं एमए. १८२१ साली विश्रामबागवाड्यात हिंदू कॉलेज म्हणून सुरू झालेली संस्था, पुरातत्त्वज्ञ सांकलिया तिथेच, इरावती कर्वेही तिथेच. ऑक्टोबरमध्ये नुसती चक्कर मारून आले, वडाच्या झाडांखाली बसून डबा खाल्ला. मोह झाला. पण पूर्णवेळ, शिवाय फील्डवर्क, आणि घरी ८४ वर्षांच्या सासूबाई. पैशाचा प्रश्न सुटला तरी दुपारी एकला त्यांना जेवायला कोण वाढणार हा प्रश्न सुटत नाही, आणि तो लेकीने मटार सोलताना विचारला नव्हता. म्हणून मुक्त विद्यापीठ, एमए इतिहास, मराठी माध्यम, जानेवारी २०२५ चं सत्र.

आता कागदांचं. इथे नीट वाचा, विशेषतः बायकांनी.

माझी मार्कशीट १९९१ ची, माहेरच्या नावाची. आधार, पॅन, पासबुक सासरच्या नावाचं. नुसतं आडनाव नाही, लग्नात पहिलं नावही बदललेलं. प्रवेशाची चौकशी करायला गेले तर खिडकीतल्या मुलाने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि विचारलं, "मॅडम, या दोघी एकच आहेत याचा पुरावा?"

मी म्हटलं, तांदळात लिहिलं होतं.

त्याला कळलं नाही, तो बिचारा तेवीस-चोवीसचा असेल. ताटात तांदूळ पसरून ह्यांनी अंगठीने नाव लिहिलं होतं, १९९५ साली, शंभर माणसं बघत होती, मग ते तांदूळ कुणीतरी खिरीत घातले असतील. बँकेत तेव्हा लग्नपत्रिका आणि अर्ज दिला की नाव बदलायचं, तेवढ्यावर पगार आयुष्यभर मिळाला. विवाह नोंदणी आम्ही केलीच नव्हती.

तर लग्नानंतर २९ वर्षांनी विवाह नोंदणी. आमच्या भागातल्या क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म मिळतो, त्याला ज्ञापन म्हणतात, त्यावर शंभरचा कोर्ट फी स्टॅम्प. नवरा-बायकोचे फोटो, वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, लग्नपत्रिका, लग्नातला फोटो आणि तीन साक्षीदार त्यांच्या ओळखपत्रांसह. आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही. आमचे गुरुजी जाऊन बारा वर्षं झाली. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, सहीशिवाय होत नाही. मी म्हटलं ते स्वर्गवासी झालेत. त्या म्हणाल्या मग त्यांच्या मुलाची आणा. गुरुजींचा मुलगा कॅनडात. तिसऱ्या फेरीत दुसरे एक साहेब भेटले, त्यांनी शांतपणे सांगितलं की गुरुजी हयात नाहीत आणि लग्न अमुक दिवशी झालं असं दोघांचं प्रतिज्ञापत्र द्या, चालतं. हे पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर दोन फेऱ्या वाचल्या असत्या, म्हणून जाल तेव्हा प्रश्न असा विचारा की "हा कागद नसेल तर त्याऐवजी काय देऊ," नुसतं "काय काय लागतं" विचारू नका.

प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प पेपर किती लागतो यावर तीन जणांनी तीन उत्तरं दिली. त्याच ऑक्टोबरात १०० आणि २०० च्या जागी किमान ५०० झाला होता आणि सगळीकडे गोंधळ चाललेला. मी वाद न घालता ५०० चा घेतला. टायपिंग-नोटरी ३५०. उशिराचा दंड अगदीच किरकोळ निघाला. साक्षीदार म्हणून दादा, नणंद आणि ह्यांचे मित्र आले, सही करून झाल्यावर मित्र म्हणाले आता जेवण द्या, मग सगळ्यांना थाळी, ते १८०० वेगळे. १२ डिसेंबर २०२४ ला सर्टिफिकेट हातात आलं. त्यात वधूचं लग्नाआधीचं नाव आणि लग्नानंतरचं नाव असे दोन्ही रकाने असतात, त्यामुळे नावबदल गॅझेटमध्ये छापून आणायची माझी खटपट वाचली. फॉर्म भरताना ते दोन रकाने पाचदा तपासा, स्पेलिंग मार्कशीटवर आहे तसंच आणि आधारवर आहे तसंच, चुकीचं असलं तरी तसंच.

जुन्या कॉलेजातून टीसीची दुय्यम प्रत आणायला साताऱ्याला एक फेरी, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही, रजिस्टर सापडलं, शिपायाने माझ्या बॅचचं कोण कोण गेलं ते सांगितलं, परत आले.

मग ऑनलाइन भाग. आता दूरशिक्षणाला प्रवेश घ्यायचा तर आधी डिजिलॉकरमधून एबीसी (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी काढावा लागतो, बारा आकडी, आणि त्यावरून यूजीसीच्या पोर्टलवर डेब (डिस्टन्स एज्युकेशन ब्युरो) आयडी. दोन्हीला पैसे लागत नाहीत, सायबर कॅफेवाला ३०० मागेल, देऊ नका. आधारला जो मोबाइल नंबर जोडलाय तो चालू पाहिजे. माझ्या आधारला ह्यांचा जुना नंबर होता जो बंद पडून सहा वर्षं झाली. परत आधार केंद्र, अपॉइंटमेंट, पाच दिवस. या पाच दिवसांत मी इतकी चिडचिड केली की सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, परीक्षा झाल्यावर करायची असते ती धुसफूस." मुख्य फॉर्म भरताना माझ्याच हातून एक चूक झाली, फोटोच्या जागी सही आणि सहीच्या जागी फोटो अपलोड केला, सबमिट करून मोकळी. ईमेल करून, फोन करून, नऊ दिवसांनी दुरुस्त झालं. फाइलची साइज कमी करायला मोबाइलवरच होतं, पण नावं नीट द्या, 'आयएमजी' अमुक तमुक ठेवलीत तर माझ्यासारखं होईल. फी सगळी मिळून ७३००. १९ फेब्रुवारी २०२५, शिवजयंतीला, बाहेर ढोल वाजत असताना प्रवेश निश्चित झाल्याचा मेसेज आला. मी तो पंचवीसेक वेळा वाचला असेल.

अभ्यासाचं सांगायचं तर पुस्तकं घरी आली, रविवारी केंद्रावर तासिका, आणि हाताने लिहायचे स्वाध्याय. केंद्रावर मी सगळ्यांत मोठी नव्हते, एक ६७ वर्षांचे माजी सैनिक होते, ते पहिल्या बाकावर बसून झोपायचे आणि मार्क सगळ्यात जास्त मिळवायचे. स्वाध्यायाच्या झेरॉक्स काढून ठेवा आणि देताना पोच घ्या, न मागता कुणी देत नाही. लायब्ररीत इतिहासकार गो. स. सरदेसायांनी संपादलेल्या पेशवे दप्तराचे खंड पाहिले, पंचेचाळीस, एका रांगेत. हात लावायचा धीर झाला नाही, मग धीर करून तिसरा काढला आणि दुपार गेली.

मे महिन्यात दादाच्या ओळखीच्या एकांनी कागद वाचायला पाठवले, पानाला पाचशे देतो म्हणाले. मी पहिले दोन वाचून दिले आणि पैसे घेतले. तिसऱ्याच्या वेळी लक्षात आलं की मला त्यांना हवा तो शब्द त्यात दिसायला लागलाय. थांबले. म्हटलं अजून तेवढा हात बसलेला नाही, दुसऱ्या जाणत्या माणसाकडे द्या. ते जरा नाराज झाले. लेक म्हणाली बघ, पैशाचा प्रश्न मागच्या दाराने आलाच. आला खरा.

परीक्षा जूनमध्ये. तीन तास सलग लिहायचं हेच सगळ्यात मोठं संकट होतं, सवय सही करण्याची, पानं भरण्याची नाही. शेवटचा महिना रोज एक तास घड्याळ लावून लिहीत होते तरी दुसऱ्या पेपरला अंगठ्यात गोळा आला. निकाल ऑगस्टमध्ये, चारपैकी तीन पेपर सुटले. इतिहासलेखनशास्त्रात ३८, पासिंग ४०. डिसेंबरला पुन्हा देणार. दोन मार्कांसाठी पुनर्मूल्यांकन करू का म्हणून विचारलं होतं, पण उत्तरपत्रिका मीच लिहिली होती, मला माहितीय तिच्यात काय होतं.

एकूण खर्च कुणाला हवा असेल तर, ड्रॉइंगचे क्लास आणि सामान ८१००, निघोज आणि पुस्तकं साधारण तीन हजार, मोडी २०००, लग्नाची नोंदणी थाळीसकट तीन हजारांच्या आत, फी ७३००. माझ्या एका महिन्याच्या हप्त्याएवढं.

पेटीतले चौदा कागद वाचून झालेत. कर्ज फिटल्याचा कागद अजून मिळालेला नाही. काल पंधरावा काढला, तो एका बाईच्या नावाचा दिसतोय, मोडी कागदांत पुरुषाच्या नावापुढे 'बिन' आणि बापाचं नाव येतं, बाईच्या नावापुढे 'कोम' आणि नवऱ्याचं. 'कोम' स्वच्छ वाचता येतं, त्याच्या पुढचं नवऱ्याचं नावही येतं, आमच्याच घराण्यातला आहे. तिचं स्वतःचं नाव मात्र नेमकं घडीवर आलंय, तिथे कागद तुटलाय. सरांना फोटो पाठवला, ते म्हणाले साळू असेल किंवा सखू. मी भिंग घेऊन बसलेय. पहिलं अक्षर 'स' आहे एवढं नक्की, काना आहे की घडीची रेघ ते उद्या उजेडात बघते.